प्रयोगशाळेतील काष्ठौषधी : लोणारच्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याने काय ओळखावे?

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर किंवा जळगाव जामोदच्या बाजारपेठेत जुने अत्तार आणि पंसारी आजही आपले दुकान सांभाळून आहेत. हिरडा, बेहडा, असगंध, मुलेठी, सनाय, इसबगोल, गुगुळ, सफेद मुसळी असा शे-दीडशे प्रकारचा माल त्यांच्या डब्यांत असतो. हकीम आणि वैद्य त्यांच्याकडून माल नेतात. सातपुड्याच्या पायथ्याची माणसे डिंक, बिब्बा, चारोळी त्यांच्याकडे आणून देतात. या धंद्यावर बऱ्याच घरांची रोजी अवलंबून आहे.

या धंद्याला लागून एक नवी गोष्ट जगात घडत आहे. वनस्पतीत जे औषधी द्रव्य असते तेच द्रव्य वनस्पती न लावता, जंगल न तोडता, सूक्ष्मजंतूंकडून टाकीत तयार करून घ्यायचे आणि गरज पडेल तेथे प्रकाशाचा उपयोग करायचा, असे हे तंत्र आहे. त्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, आता जडीबुटीचा धंदा संपला. काही जण म्हणतात, ही सारी परदेशी हवा आहे, आपल्याला काय त्याचे? आमच्या मते दोन्ही मते घाईची आहेत. या तंत्राने कोणत्या मालाला धोका आहे, कोणत्या मालाला नाही आणि लहान व्यापाऱ्याला त्यात कोठे जागा आहे, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

लोणारचे तळे : प्रकाश आणि सूक्ष्मजंतूंचे भांडे

हे तंत्र समजण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेला हा खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी असलेले पाणी खारे आणि क्षारयुक्त आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही लोणारची नोंद असून काच आणि साबण यांना लागणारा क्षार येथे मिळतो असे त्यात म्हटले आहे. म्हणजे बांगड्या करणारे कारागीर आणि साबण करणारे यांचा या तळ्याशी संबंध जुना आहे. आज तो व्यवसाय राहिलेला नाही.

जून २०२० मध्ये या तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. दूरदूरचे लोक ते पाहायला आले आणि नाना तर्क झाले. वन विभागाने पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. तपासणीअंती असे दिसून आले की, उन्हाळ्यात पाणी आटले, मिठाचे प्रमाण वाढले आणि मीठ आवडणाऱ्या एका जातीच्या सूक्ष्मजंतूंची वाढ झाली. कडक उन्हापासून बचावासाठी हे जंतू आपल्या शरीरात लाल-गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. गाजराला आणि टोमॅटोला ज्या घराण्यातील द्रव्यांमुळे रंग येतो त्याच घराण्यातले हे द्रव्य आहे. पाऊस पडला, पाणी पातळ झाले आणि रंग गेला.

याच तळ्यात स्पिरुलिना नावाचे हिरवे-निळे सूक्ष्म शेवाळही आढळत आलेले आहे. ते सूर्यप्रकाशावर वाढते आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण वाळलेल्या वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत असते. औषधाच्या दुकानात हिरव्या गोळ्या विकल्या जातात त्या याच शेवाळाच्या.

मुद्दा एवढाच की डोळ्याला न दिसणारा जीव, साधे क्षार आणि प्रकाश यांच्या मेळातून किमती द्रव्य तयार होते. लोणारला हे निसर्ग आपल्या लहरीने करतो. प्रयोगशाळेत तेच काम ठरवून, मोजून आणि बारा महिने केले जाते.

पूर्ण मुळी आणि तिच्यातला एक घटक

पुढे जाण्यापूर्वी एक फरक ध्यानात घ्यावा. व्यापाराचा सारा हिशेब या फरकावर आहे.

हकीमसाहेब जेव्हा असगंध किंवा मुलेठी लिहून देतात तेव्हा त्यांना ती पूर्ण मुळी हवी असते. तिच्यात शेकडो द्रव्ये असतात आणि ती सारी मिळून तिचा गुण ठरतो असे युनानी आणि आयुर्वेद मानतात. उलट ॲलोपॅथीचा कारखाना वनस्पतीकडे खाणीसारखा पाहतो. त्याला त्यातले एकच द्रव्य हवे असते आणि बाकी सारा चोथा असतो. सदाफुलीचेच उदाहरण घ्या. आपल्याकडे घरोघरी अंगणात ती असते. तिच्या पानांत व्हिनब्लास्टिन नावाचे कर्करोगावरील द्रव्य आहे, पण ते इतके कमी की एक ग्रॅमसाठी सुमारे ५०० किलो वाळकी पाने लागतात.

टाकीत जे तयार होते ते हे एकेक द्रव्य होय. टाकीत मुलेठी तयार होत नाही, असगंध तयार होत नाही.

खमिराकडून औषध करवून घेणे

बेकरीवाल्याला खमीर सांगायला नको. पिठातली साखर खाऊन खमिरातले जिवंत किण्व, म्हणजे यीस्ट, पिठाला फुगवते. हे यीस्ट साखरेपासून काय तयार करील, हे त्याच्या आतील जनुकांवर ठरते. जनुक म्हणजे कृतीची चिठ्ठी असे समजा. शास्त्रज्ञांनी वनस्पतीतील कृतीच्या चिठ्ठ्या काढून यीस्टमध्ये बसवल्या. मग तेच यीस्ट साखर खाऊन वनस्पतीचे द्रव्य तयार करू लागले.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मलेरियावरील आर्टेमिसिनिनचे आहे. चीनमध्ये शतकानुशतके तापावर वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीतून तू यूयू या संशोधक बाईंनी १९७२ च्या सुमारास हे द्रव्य वेगळे केले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या वैद्यकग्रंथात दिलेली कृती वाचून त्यांना मार्ग सुचला, ही गोष्ट हिकमतीची कदर करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे अमेरिकेतील बर्कले येथील जे कीसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीची जनुके यीस्टमध्ये बसवली. २००६ मध्ये त्यांच्या यीस्टने आर्टेमिसिनिक आम्ल तयार केले. आर्टेमिसिनिनच्या अलीकडची ही पायरी होय. २०१३ पर्यंत हे प्रमाण टाकीतील दर लिटरला २५ ग्रॅमपर्यंत गेले.

शेवटची पायरी प्रकाशाची. यीस्टने दिलेल्या द्रव्यावर थोडी रासायनिक प्रक्रिया करतात, मग त्यात एक रंगद्रव्य मिसळून प्राणवायूच्या सान्निध्यात त्यावर तीव्र दिव्यांचा प्रकाश सोडतात. प्रकाशाने रंगद्रव्य तापत नाही, ते आपली शक्ती प्राणवायूला देते. तो चेतलेला प्राणवायू द्रव्याला जोडला जातो आणि आर्टेमिसिनिन तयार होते. रोपट्याच्या पानातही शेवटची पायरी अशीच उन्हाने होत असावी असे मानले जाते. म्हणजे जे काम शेतात रोप महिनोन् महिने करते, ते साखर, खमीर आणि दिवे यांच्या साहाय्याने कारखान्यात काही आठवड्यांत होते.

इटलीतील गारेसिओ येथे सानोफी कंपनीने २०१३ मध्ये असा कारखाना चालू केला. वर्षाला ५० ते ६० टन आर्टेमिसिनिन काढण्याची त्याची ताकद होती. जगाच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यात भागला असता.

बाजाराने काय केले?

यापुढची हकीकत व्यापाऱ्याने विशेष लक्ष देऊन वाचावी.

आर्टेमिसिनिनचा भाव फार चढ-उताराचा होता. २००५ च्या सुमारास तो किलोला हजार डॉलरच्या वर गेला. ते पाहून चीन, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी भरमसाट लागवड केली. दोन-तीन वर्षांत भाव दोनशे डॉलरच्या खाली आला आणि शेतकरी बुडाले. मग लागवड घटली, पुन्हा टंचाई झाली आणि पुन्हा भाव चढला. भाव स्थिर राहावा म्हणूनच टाकीतला माल काढावा असे ठरले होते.

पण सानोफीचा माल नफा न घेताही किलोला ३५० ते ४०० डॉलरला पडत होता. त्याच वेळी शेतातला माल २५० डॉलरच्या खाली मिळू लागला. औषध कंपन्यांनी स्वस्त माल घेतला. २०१५ मध्ये गारेसिओला आर्टेमिसिनिनचे उत्पादन झालेच नाही आणि पुढे तो कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. पानांच्या शेतीने टाकीला हरवले.

यावरून टाकीचे तंत्र कुचकामी ठरते असा अर्थ कोणी काढू नये. शेतात सहज येणाऱ्या, द्रव्याचे प्रमाण बरे असणाऱ्या पिकाशी टाकीची स्पर्धा अवघड आहे, एवढेच यावरून सिद्ध होते. जे झाड हळू वाढते, जंगलातच मिळते, ज्याच्यात द्रव्य अगदी थोडे असते, तेथे हिशेब उलटा होतो.

नंदुरबारचे वाणी आणि सह्याद्रीतला नरक्या

या दुसऱ्या प्रकारच्या हिशेबात आपल्या महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. खानदेशातील नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकले आणि पुढे अमेरिकेत संशोधनाला गेले. मन्रो वॉल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी कर्करोगावरील दोन मोठी द्रव्ये झाडांतून वेगळी केली. १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल. लाखो रुग्णांना या द्रव्यांचा आणि त्यांपासून बनवलेल्या औषधांचा लाभ झाला. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

टॅक्सॉल अमेरिकेतील यू नावाच्या, फार सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून निघे. साल काढली की झाड मरते. एक किलो टॅक्सॉलसाठी अंदाजे तीन हजार झाडांची साल लागत असे. अशाने जंगल उरले नसते. म्हणून पुढे यूच्या सुयांसारख्या पानांतून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते तयार होऊ लागले आणि नंतर या झाडाच्या पेशीच टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून द्रव्य काढण्यात आले. जर्मनीत यासाठी ७५ हजार लिटरपर्यंतच्या टाक्या वापरल्या गेल्या आहेत. येथे टाकी जिंकली आणि झाडेही वाचली.

कॅम्प्टोथेसिन मूळ एका चिनी झाडात सापडले. नंतर १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना ते आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडात भरपूर मिळाले. याच झाडाला काही ठिकाणी अमृता म्हणतात. ही बातमी बाजाराला लागली आणि सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या जंगलातून नरक्याची बेकायदा तोड सुरू झाली. तोडणाऱ्या गरिबाला मजुरी मिळाली, मधल्यांनी पैसा केला आणि झाड दुर्मिळ होत गेले. २००५ मध्ये भारतीय संशोधकांनी असे दाखवले की, या झाडाच्या आत राहणारी एक बुरशी झाडाबाहेर काढून वाढवली तरी थोडे कॅम्प्टोथेसिन तयार करते. मोठी आशा निर्माण झाली. पण बुरशी पिढ्यान् पिढ्या भांड्यात वाढवली की ती हे काम विसरू लागते, अशी अडचण पुढे आली. ती सुटलेली नाही. संशोधन चालू आहे.

सदाफुलीच्या बाबतीतही २०२२ मध्ये डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी यीस्टमध्ये ५० हून अधिक बदल करून व्हिनब्लास्टिनचे दोन्ही अर्धे भाग यीस्टकडून करवून घेतले. ते प्रयोगशाळेत सिद्ध झाले. बाजारात भावाने उतरणे ही वेगळी गोष्ट आहे. काही संशोधक तर स्पिरुलिनाच्या जातीच्या शेवाळातच वनस्पतीची जनुके बसवून साखरेचाही खर्च वाचवू पाहत आहेत. मग केवळ ऊन, हवा आणि पाणी यांवर औषध तयार होईल. हे कामही आज प्रयोगशाळेतच आहे.

आल गेली, हळद राहिली

आपल्या वऱ्हाडाला असा प्रसंग नवा नाही. एके काळी येथे आल नावाचे झुडूप लावत. तीन वर्षांनी त्याची मुळे खणून त्यांच्या सालीतून लाल रंग काढत. हिशेबाच्या वह्यांना लागणारा लाल खारवा अशाच रंगात रंगे. रंगरेज बिरादरीची कित्येक घरे या रंगावर जगत होती. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. थोड्याच वर्षांत त्याचे डबे हिंदुस्थानच्या बाजारात आले आणि आलीचे शेत, आलीचा व्यापारी आणि जुन्या पद्धतीचा रंगरेज हे तिन्ही मागे पडले. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ आली आणि निळीच्या शेतीची तीच गत झाली.

पण त्याच काळात हळदीचे काय झाले? पिवळा रंगही कारखान्यात तयार झालाच होता. कापड रंगवण्यासाठी हळद कोणी घेईना. तरी हळदीचा व्यापार मोडला नाही. आपल्या शेजारच्या हिंगोली-वसमतला आजही हळदीची मोठी बाजारपेठ आहे. कारण हळद लोक खातात. तिचा वास, चव, गुण सारे एकत्र हवे असते. आल केवळ एका रंगासाठी विकली जात होती, म्हणून तो रंग दुसरीकडे स्वस्त मिळताच ती संपली.

प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या दुकानातील मालाला हीच कसोटी लावावी. गिऱ्हाईक हा माल त्यातल्या एका द्रव्यासाठी घेते की पूर्ण वस्तूसाठी?

धोका कोणाला, कोणाला नाही?

एक, जो माल फक्त कारखान्याला एका द्रव्यासाठी जातो, जो जंगलातून येतो आणि ज्यात द्रव्य थोडे असते, त्याला धोका सर्वांत जास्त आहे. त्यात मोठे भांडवल अडकवू नये. शिवाय अशा मालात बेकायदा तोडीचा संशय असतो, तो वेगळाच.

दोन, जो माल एका द्रव्यासाठी जातो पण शेतात भरपूर येतो, त्याचा व्यापार चालू राहील. मात्र भावावर टाकीचा दाब राहील. पुदिन्याच्या मेंथॉलचे असेच आहे. जपान आणि जर्मनीच्या कारखान्यांत कृत्रिम मेंथॉल तयार होते, तरी उत्तर प्रदेशातील पुदिन्याची शेती चालू आहे. पण भाव एका मर्यादेपलीकडे चढला की गिऱ्हाईक कृत्रिम मालाकडे वळते.

तीन, जो माल पूर्ण मुळी, साल, बी, पान म्हणून हकीम, वैद्य, घरगुती गिऱ्हाईक आणि चूर्ण-माजून करणारे घेतात, त्याला टाकीपासून धोका नाही. त्याला खरा धोका भेसळीपासून आहे, आणि तो आपल्याच बाजारातून आहे.

हे तिसरे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल विकली जाते. केशर म्हणून करडईच्या पाकळ्या रंगवून दिल्या जातात. हळदीच्या अर्कात पेट्रोलियमपासून केलेले कृत्रिम कर्क्युमिन मिसळले जाते आणि परदेशातील गिऱ्हाईक ते कार्बनच्या चाचणीने पकडते. वनस्पतीचा कार्बन ताजा असतो, पेट्रोलियमचा लाखो वर्षे जुना, हे यंत्राला कळते. मात्र उद्या साखरेवर वाढलेल्या यीस्टचा माल आला तर ही चाचणी उपयोगी पडणार नाही, कारण साखरही वनस्पतीचीच. मग गिऱ्हाईक एकाच गोष्टीवर विश्वास ठेवील, माल कोणाकडून आला आणि कोठून आला. अशा वेळी इमानदार दुकानाचे नाव हेच भांडवल ठरेल. मापात आणि मालात खोट नसावी ही शिकवण आपल्याला नवी नाही. आता बाजारच तिची किंमत देऊ लागला आहे.

लहान माणसाला जागा कोठे?

यीस्टची जनुके बदलणे आणि हजारो लिटरच्या टाक्या चालवणे हे आपल्या आवाक्यातले काम नाही. कोणी 'प्रयोगशाळेतील औषधाच्या कारखान्यात' भागीदारी देऊ लागला तर दहा वेळा विचार करावा. २००० सालच्या सुमारास सफेद मुसळीची लाट आली होती, ती वऱ्हाड-खानदेश विसरलेला नाही. कंद अव्वाच्या सव्वा भावाने विकले गेले आणि माल परत घेण्याची आश्वासने देणारे माल तयार झाल्यावर दिसले नाहीत.

प्रकाश आणि सूक्ष्मजंतू यांचा जो धंदा लहान भांडवलात होऊ शकतो तो स्पिरुलिनाचा. त्याची पद्धत अशी. फूट-दीड फूट उथळ टाकी बांधतात किंवा प्लास्टिकचा कागद अंथरून करतात. स्वच्छ पाण्यात खाण्याचा सोडा, मीठ आणि ठरलेली खते घालून लोणारच्या पाण्यासारखे क्षारयुक्त पाणी तयार करतात. या पाण्यात दुसरे जीव सहसा तग धरत नाहीत, स्पिरुलिना मात्र जोमाने वाढते. ओळखीच्या प्रयोगशाळेतून शुद्ध बियाणे आणून त्यात सोडतात. दिवसभर पाणी हलवत ठेवतात, म्हणजे प्रत्येक कणाला ऊन मिळते. पाणी हिरवेगार झाले की बारीक कापडातून गाळून, दाबून, शेवयांसारखे पाडून वाळवतात. गाळलेले पाणी पुन्हा टाकीत जाते. दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ ते १० ग्रॅम वाळका माल मिळतो. म्हणजे १०० चौरस मीटर टाकीतून अर्धा ते एक किलो.

ऐकायला हे सोपे आहे, पण अडचणी सांगितल्या पाहिजेत. स्पिरुलिनाला पाण्याचे तापमान ३० ते ३५ अंश मानवते. आपल्या जिल्ह्यातील उन्हाळ्यात सावलीची जाळी न लावल्यास माल मरतो. थंडीत वाढ मंदावते. पाणी नीट तपासलेले नसेल तर त्यातील जड धातू शेवाळात साठतात. वाळवण्यात दिरंगाई झाली तर माल सडून दुर्गंधी येते. खाण्याचा पदार्थ म्हणून विकायचा तर अन्नसुरक्षा खात्याचा परवाना घ्यावा लागतो. तो औषध आहे, अमुक रोग बरा करतो, अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. आणि सर्वांत मोठी अडचण विक्रीची. म्हणून आधी गिऱ्हाईक शोधावे, मग टाकी बांधावी. हा क्रम उलटा करू नये. कोंबडीखाद्य, मत्स्यखाद्य करणारे आणि पोषक पदार्थांचे उत्पादक यांच्याकडे चौकशी करून, लेखी मागणी हाती आल्यावरच पैसा घालावा.

कॅप्सूल भरून विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. शेवाळ हलाल असले तरी कॅप्सूलचे कवच बहुधा जनावरांच्या जिलेटिनचे असते. वनस्पतिजन्य कवचही बाजारात मिळते. आखाती देशांचे गिऱ्हाईक हलाल प्रमाणपत्र मागते. तेव्हा आधीच त्याची व्यवस्था ठेवावी.

लोणारच्या तळ्यातून पाणी किंवा शेवाळ आणून धंदा करू असे मात्र कोणी मनात आणू नये. ते अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. तेथील सूक्ष्मजंतू ही साऱ्या जिल्ह्याची ठेव आहे.

कायद्याची बाजू

जैवविविधता कायदा २००२ चा आहे. रानातील जैविक मालाचा व्यापारी उपयोग करणाऱ्याने त्यातील फायद्याचा काही भाग स्थानिकांसाठी द्यावा, असे त्याचे तत्त्व आहे. गावोगावी त्यासाठी जैवविविधता समित्या आहेत. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली, पण माल लागवडीचाच आहे असा दाखला हवा. वन विभागाचा वाहतूक परवाना लागणारा माल असेल तर तो परवाना वेगळा. लहान दुकानदार हे कागद टाळतात, कारण दफ्तरी खेटे घालावे लागतात. पण मोठ्या कंपन्या कागदांशिवाय माल घेत नाहीत. ज्याच्याकडे दाखला आहे त्याचाच माल चांगल्या भावाने उठतो.

काय करावे?

आमच्या मते जिल्ह्यातील काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याने आज पुढील चार गोष्टी कराव्यात. आपल्या मालाची यादी काढून वर सांगितलेली कसोटी लावावी. जंगलातून येणाऱ्या मालाऐवजी जे पीक शेतात येऊ शकते ते ओळखीच्या शेतकऱ्यांकडून लावून घ्यावे आणि त्यांना ठरलेला भाव वेळेवर द्यावा. प्रत्येक कट्ट्यावर मालाचे खरे नाव, गाव आणि काढणीची तारीख लिहावी. एकेकट्याला चाचणीचा खर्च झेपत नसेल तर चार-सहा व्यापाऱ्यांनी मिळून आपल्या मालाची ओळख, जड धातू आणि बुरशीचे विष यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

ज्यांची मुले विज्ञान शाखेत शिकत आहेत त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान या विषयांकडेही पाहावे. पंसाऱ्याच्या मुलाला मुळ्यांची पारख घरातच मिळते. तिला प्रयोगशाळेचे शिक्षण जोडले गेले तर तो चाचणीचे, अर्क काढण्याचे, मालाची खात्री देण्याचे काम आपल्या जिल्ह्यातच उभे करू शकेल. आलीच्या वेळी रंगरेजांना काय येत आहे हे कोणी सांगितले नव्हते. आज ते आधी कळत आहे. तेव्हा या मोसमाची खरेदी करण्यापूर्वी आपली यादी काढावी.